बोटाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेला माणसे येतात ती दिवसभराच्या उन्हानंतर मनाला थोडा गारवा मिळावा म्हणून. संतवाङ्मय असावे, प्रवासवर्णन असावे, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, म्हणजे ऐकणाऱ्यालाही बरे वाटते आणि बोलणाऱ्याचेही फावते. आमच्या वाट्याला आलेला विषय तसा नाही. कामावर किंवा रस्त्यावर माणूस जायबंदी झाला तर त्याला कायद्याने काय मिळते, ते कसे मोजतात आणि पुष्कळदा ते पदरात का पडत नाही, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. विषय रुक्ष खरा. परंतु ज्या गावात मागाचा खडखडाट थांबला तर पूर्व भागातल्या पोरांची झोप मोडते, त्या गावात तो कोणाला परका वाटू नये.

सोलापूरचे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते, आणि ते चादरीमुळे नव्हे. १८७७ साली निघालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला व पुढे त्याचा कायदा केला. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाचा अर्ज डिसेंबर १९५० मध्ये फेटाळला गेला. दुसऱ्याचे म्हणणे मात्र डिसेंबर १९५३ मध्ये मान्य झाले. भरपाई दिल्यावाचून मालमत्ता अशी हिरावून घेता येत नाही, असा निर्णय झाला. १९५५ साली घटनेचे ३१ वे कलम दुरुस्त करण्यात आले, त्यामागे हाही निकाल होता. तेव्हा 'भरपाई' या एका शब्दावरून दिल्लीपर्यंत वाद गाजविण्याचा मान या गावच्या गिरणीकडे जातो. तो वाद भागभांडवलाचा होता. त्याच गिरणीच्या सूत खात्यात ज्याचे बोट गेले त्याच्या भरपाईचा कायदा तेव्हाही होता, सव्वीस वर्षांचा जुना होता. पण त्यावर ग्रंथ लिहिले जात नाहीत. आम्हांस बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या भरपाईविषयी.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. अपघात झाला की वर्तमानपत्रात 'मदत जाहीर' असा मथळा येतो, आणि वाचणारा समजतो की भरपाई मिळाली. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत खुद्द कारखान्याचे मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती आणि तेथेच राहणारे कामगार कुटुंब होते. पंतप्रधानांच्या राष्ट्रीय मदत निधीतून मृतांच्या वारसांसाठी प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर झाले. ही झाली मदत. ती सरकारच्या मर्जीने मिळते; कोर्टात जाऊन मागता येत नाही. भरपाई मागता येते. तिचा आकडा कायद्याने ठरतो, ती देण्याची जबाबदारी मालकावर असते, आणि सरकारने मदत दिली म्हणून ती एक रुपयाने कमी होत नाही. हा फरक न कळल्यामुळे कित्येक घरे मदतीचा धनादेश हाती पडताच स्वस्थ बसतात.

दुसरा घोळ पाकिटाचा. एखाद्याचा हात यंत्रात जातो. मालक रुग्णालयात धावतो, खर्च करतो, घरी धान्य पाठवितो, आणि महिन्याभराने दहा-वीस हजारांचे पाकीट देऊन एका कागदावर अंगठा घेतो. अर्थात अंगठा शाबूत असेल तर. त्या कागदावर लिहिलेले असते की आता माझे काही मागणे उरलेले नाही. कायद्याच्या दृष्टीने या कागदाला किंमत नाही. आपला भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानेच रद्द ठरविला होता. समझोता करावयाचाच असेल तर तो भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी दिसली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यू झाला असेल तर वारसांना परस्पर पैसे देऊन मोकळे होताच येत नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ दिलेली रक्कम तेवढी वळती होते. बाकी सर्व आयुक्तांकडेच जमा करावे लागते.

येथे मालकवर्गाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर अन्याय होईल. सोलापूरचा यंत्रमाग मालक म्हणजे मुंबईचा गिरणीमालक नव्हे. तो बहुधा कालचा विणकर असतो. चार-सहा माग टाकून वर राहतो, खाली कारखाना चालवितो. पाकीट देणारा हा माणूस दुष्ट असतो असे आमचे म्हणणे नाही. त्याच्यावर पाच-सहा लाखांची भरपाई बसली तर त्याचे माग विकले जातील, हे त्यालाही ठाऊक असते आणि कामगारालाही. म्हणून दोघे मिळून गप्प बसतात. परंतु यावर उपाय कामगाराने बोट सोडून देणे हा नसून मालकाने विमा उतरविणे हा आहे. मागाचा विमा उतरविणारे, सुताच्या साठ्याचा विमा उतरविणारे पुष्कळ आम्ही पाहिले. माणसाच्या विम्याची चौकशी करणारे त्या मानाने फारच थोडे.

आता कायद्याकडे वळू. मजुराला कामावर इजा झाली तर धन्याने पैसे द्यावेत, ही कल्पना आज आपल्याला सरळ वाटते. पण ती फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा खटला गाजला. माल जास्त भरलेली गाडी मोडली आणि पोराची मांडी मोडली. पंचांनी त्याला शंभर पौंड दिले. वरच्या न्यायालयाने ते काढून घेतले. न्यायाधीशांना भीती वाटली की, ही मागणी मान्य केली तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणूनही नोकर धन्यावर दावा लावील. पुढे साठ वर्षे तेथील मजुराला 'धोका पत्करूनच तू कामावर आलास' हे उत्तर ऐकावे लागले. जर्मनीने १८८४ साली अपघात विम्याचा कायदा केला, इंग्लंडने १८९७ साली भरपाईचा केला, आणि आपल्याकडे १९२३ चा कामगार भरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातल्या 'कामगार' शब्दाच्या जागी 'कर्मचारी' आला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. कलमांचे आकडे बदलले. आत्मा बदललेला नाही. त्यापूर्वीच्या अपघातांची प्रकरणे जुन्या कायद्यानेच चालावयाची असल्यामुळे आम्ही त्याच्याच भाषेत बोलू. संहितेतील एक नवी गोष्ट तेवढी सांगून ठेवतो: घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, वेळ, जागा व काम यांचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच धरला जातो. रात्रपाळी सुटल्यावर सायकलवरून घरी येणाऱ्याला याचा उपयोग आहे.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की तो चूक कोणाची हे विचारीत नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढे पुरे. 'तुझेच लक्ष नव्हते', 'तू झोपेत होतास', हे अपघातानंतर आपल्या कारखान्यांत हमखास ऐकू येणारे उत्तर कायद्यापुढे उत्तरच ठरत नाही. सोळा तास माग चालविणाऱ्याला डुलकी लागली तर तो गुन्हा नव्हे. अपवाद आहेत, पण थोडे: दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे, किंवा यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढणे. त्यांतही मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर हे अपवादसुद्धा मालकाच्या कामी येत नाहीत. कवच काढल्याचा आरोप आमच्या पाहण्यात वारंवार येतो. कवच काढल्याने टॉवेलाचे नग जास्त निघतात. ते जास्त नग कोणाच्या हिशेबात जमा झाले, एवढा एक प्रश्न उलटतपासणीत विचारला म्हणजे पुष्कळ उलगडा होतो.

आता हिशेब. कायद्याच्या परिशिष्टात शरीराचे एक कोष्टक दिले आहे. ते प्रथम वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात माणूस कसायाच्या फळीवर मांडावा तसा मांडला आहे. दोन्ही हात गेले तर कमाईची शक्ती शंभर टक्के गेली. एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के. अंगठा तीस. तर्जनी चौदा, मधले बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. धोटा उडून एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर चाळीस. कोष्टक निर्दय दिसते, पण त्याचा गुण असा की त्यात घासाघीस चालत नाही. ही टक्केवारी लावावयाची एका रकमेला. ती रक्कम अशी काढतात: मासिक पगाराचे साठ टक्के घ्यावेत आणि त्यांना वयानुसार ठरविलेल्या आकड्याने गुणावे. तिसाव्या वर्षी हा आकडा २०७.९८ आहे, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. पगाराला मात्र एक कमाल मर्यादा असते. ती २०१० पर्यंत चार हजार रुपये होती, नंतर आठ हजार झाली आणि ३ जानेवारी २०२० पासून पंधरा हजार करण्यात आली.

तीस वर्षांचा एक मागवाला धरू. त्याला महिन्याला पंधरा हजार मिळतात. साठ टक्के म्हणजे नऊ हजार, त्याला २०७.९८ ने गुणले की १८,७१,८२० रुपये. त्याचा अंगठा गेला तर यातले तीस टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. तर्जनी गेली तर चौदा टक्के, म्हणजे २,६२,०५५ रुपये. मृत्यू झाला तर साठऐवजी पन्नास टक्के पगार धरतात.

आता तोच माणूस, तोच अंगठा, पण मालकाच्या वहीत पगार आठ हजार लिहिलेला. वरची सात हजारांची रक्कम दर आठवड्याला रोख मिळत होती, तिचा कागद नाही. हिशेब पुन्हा केला तर अंगठ्याचे येतात २,९९,४९१ रुपये. फरक किती पडला तो पाहा: २,६२,०५५ रुपये. बरोबर एका तर्जनीची किंमत! यंत्राने अंगठा नेला आणि पगाराच्या वहीने न कापता आणखी एक बोट नेले. आमच्या समजुतीने सोलापुरातील भरपाईच्या प्रश्नाचे मर्म या एका उदाहरणात आहे. कायदा तोकडा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो लागू पडण्यासाठी जो कागद हवा, तो आपल्या गावच्या व्यवहारात तयारच होत नाही.

नगावर मजुरी घेणाऱ्याचे हाल याहून जास्त. त्याची नेमणूक पत्राने होत नाही, ओळखीने होते. आज या कारखान्यात, उद्या त्या. अपघात झाला की पहिले वाक्य ऐकू येते, 'हा आमचा माणूसच नाही.' पूर्वी किरकोळ कामगार या नावाखाली त्याला कायद्याबाहेर ठेवता येत असे. २००० च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. पण तो तेथे काम करीत होता, हे सिद्ध करावे लागतेच. यासाठी आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की नगांची चिठ्ठी जपा, हिशेबाची डायरी जपा, मुकादमाचा फोनवर आलेला निरोप पुसू नका, आणि जमेल तर मजुरी बँकेत घ्या. बायकोच्या मंगळसूत्राइतकी ती चिठ्ठी जपा असे आम्ही एकदा म्हणालो, तेव्हा समोरच्या बाईंनी मंगळसूत्र केव्हाच गहाण पडल्याचे सांगितले. त्यापुढे आम्हांस बोलवेना.

सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र रुग्णालयात तयार होतो, आणि तो पहिल्या तासात होतो. इजा कशी झाली हे डॉक्टर विचारतात व केसपेपरवर लिहितात. बरोबर आलेला मुकादम पटकन सांगतो, 'घरी जिन्यावरून पडला', किंवा 'मोटारसायकल घसरली'. जखमी माणूस शुद्धीवर नसतो, असला तरी नोकरीच्या भीतीने मान हलवितो. दोन वर्षांनी आयुक्तांपुढे तोच केसपेपर येतो आणि विम्याचे वकील तो मोठ्याने वाचून दाखवितात. धोट्याने फुटलेला डोळा आणि जिन्यावरून पडून फुटलेला डोळा यांत वैद्यकशास्त्राला फरक दाखविता येईल कदाचित. पण तेथवर पोहोचण्याआधीच पुष्कळांचा धीर सुटतो. म्हणून रुग्णासोबत घरचे एक माणूस असावे आणि त्याने एकच वाक्य लिहून घ्यावे: कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर, किती वाजता.

२०१७ च्या दुरुस्तीने मालकावर असे बंधन घातले की, कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यावी, आणि ती इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत असावी. हेतू उत्तम. परंतु दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला आपला पूर्व भाग ठाऊक नसावा. तेथे घरात तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू. मराठीतला छापील कागद हाती दिला की कायदा पाळला गेला. वाचणाऱ्याला कळला की नाही हा प्रश्न राहतोच. कामगार संघटनांनी हे माहितीपत्रक चार भाषांत काढावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. त्याला काही फार खर्च येणार नाही.

ज्यांच्या कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे आहेत त्यांना राज्य विम्याची योजना लागू होते. आपल्या अनेक श्रोत्यांना ती ई. एस. आय. या नावाने परिचित आहे. प्राध्यापक बी. पी. अदारकर या मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या १९४४ च्या अहवालातून ही योजना उभी राहिली. कायदा १९४८ चा आणि आरंभ २४ फेब्रुवारी १९५२ चा, कानपूर व दिल्ली येथे. या विम्यात असलेल्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. हे ऐकून पुष्कळांना वाईट वाटते. पण हिशेब करून पाहावा. पंधरा हजार पगारवाल्याचा अंगठा गेला तर पगाराच्या नव्वद टक्क्यांचे तीस टक्के, म्हणजे ढोबळमानाने महिन्याला ४,०५० रुपये, आणि तेही जन्मभर. साडेअकरा वर्षांत ही रक्कम मघाच्या साडेपाच लाखांना ओलांडते. शिवाय एकरकमी पैसा घरात टिकत नाही, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे. तेव्हा विम्यातून सुटण्यासाठी एका कारखान्याचे दोन नावांनी दोन तुकडे करणारा मालक पैसा वाचवीत नाही. उलट स्वतःच्या गळ्यात धोंड बांधून घेतो, कारण दहाच्या आत माणसे असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

कोष्टकाविषयी एक शंका आपल्या मनात आली असेल. अंगठा गेला तर तीस टक्के हे ठीक. पण ज्याला तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारावयाची आहे, त्याचा अंगठा गेला म्हणजे तीस टक्केच गेले काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराच्या निमित्ताने आला. ओरिसात एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना १९६८ साली तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालक कोष्टकाकडे बोट दाखवून म्हणाला, हे अंशतः अपंगत्व आहे. न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये सांगितले की, सुतारकाम एका हाताने होत नाही. जे काम तो अपघाताच्या वेळी करू शकत होता त्या कामाला तो शंभर टक्के मुकला. त्याला ९,८०० रुपये भरपाई आणि मालकाच्या टाळाटाळीबद्दल तिच्या निम्मा दंड मिळाला. याच निकालात आणखी एक गोष्ट पक्की झाली: भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. महिन्याभरात पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद पुढे कायद्यातच आहे. तेव्हा आपल्या कामात त्या बोटाला नेमके काय काम होते, हे साक्षीत तपशिलाने सांगितले पाहिजे. वकील कितीही हुशार असला तरी गाठ कशी मारतात हे त्याला मागवाल्यानेच शिकवावे लागते.

अपघाताप्रमाणे रोगालाही कायद्याने जागा दिली आहे. कापसाच्या तुसाने होणारा बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा विकार परिशिष्टात आहे. मात्र गिरणी बंद पडून वर्षे लोटल्यावर खोकल्याचा संबंध सूत खात्याशी जोडणे फार अवघड होऊन बसते, आणि ज्या पिढीने ते तूस गिळले तिला याचा लाभ क्वचितच झाला.

रस्त्यावरच्या अपघातांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती लोकांना त्या मानाने बरी असते. येथे दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो, आणि तो आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. हैदराबाद रस्त्यावर परप्रांतात अपघात झाला म्हणून तिकडे खेटे घालण्याचे कारण नाही. येथे समोरच्या चालकाची चूक मात्र दाखवावी लागते. पण ती दाखविली की हिशेब अधिक मोकळा असतो. महिना बारा हजार मिळविणारा तीस वर्षांचा मनुष्य घ्या. वर्षाचे १,४४,०००. पुढे त्याची मिळकत वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवावयाचे, हे २०१७ च्या पाच न्यायाधीशांच्या निकालापासून ठरून गेले आहे, म्हणजे २,०१,६००. वयाप्रमाणे गुणक १७. कमाईची शक्ती तीस टक्के गेली असेल तर १०,२८,१६० रुपये. औषधोपचार, बुडालेली मजुरी, भोगलेले दुःख, सेवेला ठेवलेले माणूस हे सर्व वेगळे. २०२२ च्या १ एप्रिलपासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातली गेली आहे, तेव्हा 'चौदावा-पंधरावा झाल्यावर बघू' हे धोरण महागात पडते. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर त्याच तारखेपासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार अशी योजना आहे. पूर्वी ते पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. खड्ड्यात पडून मेलेल्याच्या वारसांना सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. आपल्या रस्त्यांची स्थिती पाहता महापालिकेने तो निकाल फ्रेम करून टांगावयास हरकत नाही.

विडी कामगार भगिनींविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. ट्रकखाली पाय सापडलेल्या बाईचा दावा लिहिताना 'व्यवसाय : घरकाम' एवढेच लिहून मोकळे होण्याची वाईट सवय आम्हां वकिलांना आहे. घरकामालाही किंमत आहे, हे न्यायालयाने मान्य केले आहे. १९८९ साली जमशेदपूरच्या आगीत मेलेल्या गृहिणींच्या कामाचे मोल २००१ च्या निकालात महिना तीन हजार धरले गेले, आणि २०२१ मध्ये पुन्हा हेच तत्त्व अधिक जोराने सांगितले गेले. आमच्या पूर्व भागातली बाई पहाटे स्वयंपाक करते, दिवसभर विड्या वळते, संध्याकाळी त्या कारखान्यात देऊन येते, आणि रात्री पुन्हा चुलीपुढे बसते. तिची मिळकत दोन कामांची आहे. दोन्ही लिहिली पाहिजेत: विड्यांचा हिशेब तिच्या पासबुकातून व लॉगबुकातून, आणि घरकामाचा मुलाबाळांच्या संख्येवरून. ओळखपत्र असेल तर त्याची प्रत प्रथम जोडावी.

शेवटी पैसे कोणाच्या हाती जातात ते पाहू. अपघाताच्या वॉर्डाबाहेर काही मंडळी घुटमळत असतात. 'सगळे आम्ही पाहतो, मिळाल्यावर पंचवीस टक्के द्या', हा त्यांचा मंत्र. भरपाईत हिस्सा ठरवून फी घेणे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, हे येथे उघडपणे सांगितल्याने आमचे काही व्यवसायबंधू रागावतील, रागावोत. असा हिस्सा कोणी मागितला तर कागदावर लिहून मागावा, म्हणजे तो माणूस पुन्हा दिसणार नाही.

मृत्यूच्या प्रकरणात अज्ञान मुलांचा वाटा बँकेत मुदतीने ठेवला जातो आणि व्याज आईला मिळते. पुष्कळ आया येऊन तक्रार करतात की, माझाच पैसा मला का देत नाहीत. त्यांची अडचण खरी असते. मुलीचे लग्न, घराचे कर्ज, दिराची नड. तरीही आम्ही या बाबतीत न्यायालयाच्याच बाजूचे आहोत. खऱ्या गरजेसाठी, शिक्षण किंवा आजारपण यांसाठी, अर्ज करून त्यातला भाग काढता येतो, आणि असा अर्ज एका पानाचा असतो.

आणि वकील लावण्याची ऐपत नसेल त्याने जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना, उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. जाताना केसपेपर, पगाराचा जो काही पुरावा असेल तो, आधारपत्र आणि अपघाताची तारीख व वेळ लिहिलेला कागद, एवढे बरोबर न्यावे. काही राहिले तरी जावे. राहिलेला कागद नंतर देता येतो.

वेळ झाली आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी आता खुशाल विचारावे. आम्ही येथेच आहोत.